ब्रेकचा रंग आणि पेट्रोलचा डबा

जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणजे बर्फ धरत नाही. ते मीठ गाड्यांना खातं. मार्च उजाडेपर्यंत ब्रेक कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, रंगाचे पोपडे निघतात आणि खालच्या ॲल्युमिनियमवर पांढरा थर चढतो. म्हणून इथले बरेच बाइकवाले वसंतात कॅलिपर घरीच रंगवतात. मीही शेजाऱ्यांकडून हे काम शिकले आणि रंगवलेल्या कॅलिपरचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. लगेच सोलापूरहून भाच्याचा फोन. "आत्या, मीबी लाल करायलोय. पेट्रोलनं धुतलंय, चकाचक झालंय. संध्याकाळी गच्चीवर स्प्रे मारतो."

मी त्याला तिथंच थांबवलं. आपल्याकडे गॅरेजात इंजिनचे भाग पेट्रोल-डिझेलमध्ये बुडवून धुतात, त्यामुळे त्यात काही वावगं वाटत नाही. पण कॅलिपरमधलं सील बहुतेक गाड्यांत ईपीडीएम रबराचं असतं. ब्रेक ऑइलमध्ये ते वर्षानुवर्षं टिकतं, पण पेट्रोल, डिझेल, रॉकेल किंवा साधं ग्रीस लागलं की फुगतं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जातो आणि त्याच्याभोवतीचं चौकोनी कडांचं सील किंचित वाकतं. लिव्हर सोडला की तेच सील सरळ होत पिस्टनला मागे ओढतं. फुगलेल्या सीलला हे जमत नाही. पॅड डिस्कला घासत राहतो, डिस्क तापते आणि ब्रेक धरून बसतो. म्हणून त्याला सांगितलं, आधी नवं सील किट टाक, मग रंगाचं बघू.

धुवायला साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश पुरतो. ब्रेक क्लीनरचा स्प्रे फक्त धातूवर, रबर काढून ठेवल्यावरच. डब्यावर टेट्राक्लोरोएथिलीन लिहिलेलं असेल, तर त्या भागाजवळ वेल्डिंग किंवा ब्लोटॉर्च आणूच नका. त्या उष्णतेनं फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो.

ब्रेकची काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवणंही बंद करा. ब्रेक लायनरमध्ये वापरल्या जाणाऱ्या आणि फुप्फुसांना घातक असलेल्या ॲस्बेस्टॉसच्या तंतूंवर जर्मनीत 1993 पासून बंदी आहे. भारतात त्याचा वापर अजून होतो. आपल्या ब्रेक लायनरमध्ये नेमकं काय आहे हे डोळ्यांनी कळत नाही. धूळ ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाकून द्या.

रंगासाठी होज, म्हणजे ब्रेक ऑइलची नळी, सोडायची गरज नसते. कॅलिपरचे बोल्ट काढा, पॅड बाजूला ठेवा आणि कॅलिपर तारेनं टांगा, म्हणजे होजवर वजन येणार नाही. या काळात लिव्हर कुणी दाबायचा नाही, घरातल्या पोरांना तर आधीच बजावून ठेवा. पिस्टन, स्लाइड पिन, पॅड बसण्याची जागा आणि एअर काढायचा निपल यांवर मास्किंग टेप लावा. डिस्कच्या घासणाऱ्या पृष्ठभागाला किंवा ड्रमच्या आतल्या बाजूला रंग कधीच लावायचा नाही. रंग कॅलिपरसाठीचाच, उष्णता सोसणारा घ्या, कारण डॉट 3 आणि डॉट 4 ब्रेक ऑइल साधा रंग सोलून काढतं. थेंब सांडलाच तर लगेच भरपूर पाणी ओता.

सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. दिवसभर तापलेल्या गच्चीवर संध्याकाळी फवारा मारला, तर रंग हवेतच सुकतो आणि खरखरीत बसतो. उन्हात राहिलेला स्प्रेचा डबा फुटूही शकतो. पहाटे, वारा सुटायच्या आत, पातळ हात मारा. एन-95 मास्क थिनरची वाफ अडवत नाही. इथं त्यासाठी ए2पी2 फिल्टरचा मास्क वापरतात. तुम्हीही सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क मागा. हार्डनर मिसळायचा टू-के रंग घरी नकोच, त्यातल्या आयसोसायनेटनं कायमचा दमा जडू शकतो. तो बूथ असलेल्या रंगकाम करणाऱ्याकडेच द्या. रंग लवकर पक्का व्हावा म्हणून स्वयंपाकघरातला ओव्हन वापरू नका.

इथं दर 2 वर्षांनी बाइकची सक्तीची तपासणी होते आणि त्यात ब्रेक बघतात. आपल्याकडे खासगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते, त्यामुळे मधली जबाबदारी आपल्यावरच येते. रंग पूर्ण वाळला की बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनं, म्हणजे नेमक्या तेवढ्याच जोरानं, आवळा. मग गाडी जागेवरच ठेवून लिव्हर कडक लागेपर्यंत दाबत राहा. कडक होत नसेल तर ब्रेक ऑइलमधली एअर काढल्याशिवाय गाडी गल्लीतही न्यायची नाही.