बारीक भावाचा रिपोर्ट

नाशिकच्या सिडकोतल्या एका दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ आहे. मागच्या पावसाळ्यात एक आई दोन मुलांना घेऊन आली. थोरला अंगाने भरलेला, दिंडोरीला द्राक्षबाग बघणारा. धाकटा काटकुळा, सातपूरला कंपनीत. वडील मधुमेहातच गेलेले, आईला स्वतःला जुना मधुमेह. घरात सगळ्यांना धास्ती होती ती थोरल्याची.

रिपोर्ट उघडले. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप, थोरल्याचं ५.८, धाकट्याचं ७.९. साडेसहापासून मधुमेह धरतात.

"मॅडम, नावं बदलली असतील," धाकटा म्हणाला.

मी टेप काढली. वजन ६१ किलो, पण पोटाचा घेर ९४ सेंटीमीटर. आपल्या पुरुषांना ९० च्या आत हवा. मग माझ्या खणातलं एक चित्र त्याच्यापुढे ठेवलं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली आलेला फोटो. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. तो बराच वेळ बघत राहिला.

तेवढ्यात आईचा बांध फुटला. "माझंच रक्त वाईट. मीच दिलं पोरांना."

हे वाक्य मी फार आयांच्या तोंडून ऐकलंय आणि दरवेळी पोटात कालवतं. मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. म्हटलं, हा एका जनुकाचा आजार नाही. शेकडो जनुकं थोडा थोडा भार टाकतात, आणि सख्ख्या भावांनाही वाटा सारखा येत नाही. टीसीएफ७एल२ हे त्यातलं ठळक नाव. अमेरिकेत २००२ च्या मोठ्या चाचणीत धोक्यातल्या माणसांनी आहार बदलला, वजन उतरवलं, चालले. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. त्या जनुकाचा वाईट प्रकार आईवडील दोघांकडून आलेल्यांनाही फायदा झाला.

मग धाकट्याची रात्रपाळी निघाली. सात-आठ कप गोड चहा, सोबत खारी, कॅन्टीनचा भात. थोरला दिवसभर बागेत पायी. तरी त्यालाही सांगितलं, ५.८ म्हणजे उंबरठ्यावर आहात.

आई डोळे पुसत म्हणाली, "गावी नागलीची भाकरी असायची. इथं आलो आणि पोरांना कुणी गावंढळ म्हणू नये म्हणून मीच बंद केली."

"नागलीही मोजूनच खायची हं, आई. सोबत डाळ-उसळ, भाजी जास्त."

तिने मान हलवली आणि धाकट्याकडे वळली.

"उद्यापासून रात्रपाळीला डबा माझा."