खिशातली स्नबी: निवड कुठवर आली

मंडळी, पिस्तूलवाल्यांनी आधी हसून घ्या, मग वाचा. हो, स्नबीत, म्हणजे छोट्या नळीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये, बहुधा पाचच गोळ्या. पण ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात टीशर्ट आणि शॉर्ट्सवर कमरेचं पिस्तूल लपवत फिरायचा मला मनापासून कंटाळा आलाय, शर्ट जरा वर गेला की ग्रिप दिसते आणि ग्रोसरीच्या लाइनीत सारखा हात मागे जातो. म्हणून ठरवलं की खिशात मावणारं काहीतरी घ्यायचं, आणि खिसा म्हटलं की फिरून फिरून छोट्या नळीच्या रिव्हॉल्व्हरवरच गाडी येते.

इथे नवीन आलेल्यांसाठी आधी एक गोष्ट, कारण हे दर वेळी कुणीतरी विचारतंच. एच वन बी किंवा एफ वन व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूकही नाही आणि गोळ्याही नाहीत. हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर काही करायच्या आधी वकिलाशी बोला, मित्राच्या मित्राशी नाही. ग्रीन कार्ड आलं की दुकानात फॉर्म भरून, बॅकग्राउंड चेक होऊन रीतसर घेता येते. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परमिटशिवाय बंदूक जवळ बाळगता (कॅरी) येते, तरी मी लायसन्स ठेवलंय, दुसऱ्या स्टेटमध्ये गेलं की तेच कामाला येतं.

आता मुद्द्यावर. हॅमर, म्हणजे मागचा घोडा, बाहेर असलेलं काहीही मी पहिल्याच फेरीत बाद केलं. १९५० सालचं स्मिथ अँड वेसनचं चीफ्स स्पेशल, जे पुढे मॉडेल ३६ झालं, दिसायला काय देखणं आहे, आणि १९२७ चं कोल्ट डिटेक्टिव्ह स्पेशल त्याहून देखणं, त्यात परत सहा गोळ्या. पण खिशातून काढताना हॅमरचं टोक कापडात अडकतं, आणि ते वाचवायला अंगठा वर ठेवून काढायची सवय मला लावून घ्यायची नाहीये. त्यावरचा उपाय स्मिथ अँड वेसननेच १९५२ ला काढला होता, शंभरी साजरी करताना आणलेलं सेंटेनियल, ज्यात हॅमर पूर्ण आत असतो आणि दर गोळीला ट्रिगर शेवटपर्यंत ओढावाच लागतो. आजचं मॉडेल ६४२ म्हणजे त्याच घराण्यातलं. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, पाच गोळ्या, .३८ स्पेशल काडतूस, नळी पावणेदोन इंचांच्या जरा वर, वजन साडेचौदा औंसांच्या आत, म्हणजे ४१० ग्रॅमच्या आसपास. बंदुकीच्या अंगातच किल्लीने लावायचं कुलूप असतं, ज्यांना त्याचं भोक डोळ्यांसमोर नको असतं त्यांच्यासाठी कुलूप नसलेलं ६४२ पण मिळतं, मला त्या भोकाने फारसा फरक पडत नाही, पण त्यावरून लोक तासन्‌तास भांडतात हे माहितीये.

दुसरा उमेदवार रुगरचा एलसीआर, २००९ ला आला. दिसायला अगदीच कुरूप, खोटं कशाला बोला. ट्रिगरची सगळी यंत्रणा पॉलिमरच्या घरात बसवलीय आणि .३८ वाल्याचं वजन साडेतेरा औंस. आणि तिसरं स्मिथ अँड वेसनचंच ६४०, पूर्ण स्टीलचं, .३५७ मॅग्नम या जास्त जोरदार काडतुसाचं, बावीस औंसांच्या घरात.

तिन्ही रेंजवर भाड्याने घेऊन चालवली, आणि माझं मत असं झालंय की कॅटलॉगमधलं वजन वाचून स्नबी घेणारा माणूस पुढे ती ड्रॉवरमध्ये ठेवतो. हलकी बंदूक खिशाला गोड लागते पण तिचा सगळा झटका तुमच्या हातात येतो. स्कँडियम मिसळलेल्या हलक्या धातूच्या फ्रेमचं ३४०पीडी एका ओळखीच्याने हातात दिलं, साधारण बारा औंसात .३५७ मॅग्नम. पहिल्या गोळीला तळहातावर शाळेतली छडी बसल्यासारखं झालं आणि दुसरी झाडायची इच्छाच राहिली नाही. त्याच्या नळीवर लिहिलेलं असतं की १२० ग्रेनपेक्षा (ग्रेन म्हणजे बुलेटच्या वजनाचं माप) हलकी बुलेट वापरू नका, का तर झटक्याने बाकीच्या चेंबरमधल्या, म्हणजे खणांमधल्या, काडतुसांच्या बुलेट आपल्या केसमधून पुढे सरकतात, आणि एखादी सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्याच्या, बाहेर डोकावली की सिलिंडर फिरायचंच बंद. म्हणजे ज्या भरवशासाठी रिव्हॉल्व्हर घ्यायचं तोच गेला! शिवाय दोन इंचांच्या नळीत मॅग्नमची बरीचशी पावडर बाहेरच जळते, जाळ आणि आवाज भरपूर, वेग मात्र लांब नळीइतका नाही. माझ्यापुरता .३५७ चा विषय तिथेच संपला, .३८ पुरे.

६४० ने मात्र मन जिंकलं होतं. .३८ चे वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाच्या गोळ्या, घालून मारलं की हात अजिबात दुखत नाही, पेपरला पंच मशीनने पाडावीत तशी गोल भोकं पडतात, दिवसभर मारत बसावं. पण शॉर्ट्सच्या खिशात टाकलं की शॉर्ट्स एका बाजूला खाली यायला लागते, चालताना ते मांडीवर आपटत राहतं. बेल्टवर घालायचं असतं तर हेच घेतलं असतं, आणि तेव्हा मग सहा गोळ्यांचं नवं कोल्ट कोब्रा पण बघितलं असतं, ते पंचवीस औंसांचं आहे.

राहता राहिले ६४२ आणि एलसीआर, आणि इथे फैसला ट्रिगरने केला. ६४२ चा ट्रिगर मागे जाता जाता जड होत जातो, जोर वाढवता वाढवता नळीचं टोक हलतं. एलसीआरमध्ये घर्षण कमी करणारा कॅम आहे, त्यामुळे ओढ सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास एकसारखी लागते आणि आपोआप सरळ ओढली जाते. नव्या ६४२ चा ट्रिगर वापरून मऊ होतो हे मान्य, गनस्मिथकडून करूनही घेता येतो, पण मला डब्यातून काढल्याकाढल्या चालणारी हवी होती. शिवाय एलसीआरची नेम धरायची पुढची साइट पिनवर बसवलेली आहे, बदलता येते. ६४२ ची नळीसकट एकसंध, ती नीट दिसावी म्हणून फार तर नेलपॉलिश लावा (लोक खरंच लावतात आणि ते चालतंही). तर एलसीआर .३८ घेतला, काळाकुट्ट, बायको म्हणाली हे खेळण्यातलं वाटतंय. माझं काही म्हणणं नाही.

आता सराव. ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर ओढायचा सराव, घरी, आधी गोळ्या वेगळ्या खोलीत ठेवायच्या, सिलिंडर उघडून डोळ्यांनी बघायचं, बोटानेही चाचपायचं, मग स्नॅप कॅप, म्हणजे सरावाची खोटी काडतुसं, घालून पलीकडे भक्कम काहीतरी असलेल्या भिंतीकडेच ओढायचा. रेंजवर सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे खऱ्या गोळ्यांमध्ये एकदोन स्नॅप कॅप मिसळायच्या आणि न बघता सिलिंडर बंद करायचं. स्नॅप कॅपचा चेंबर आला की आपलं मनगट किती दचकतं ते लपत नाही. तीन यार्डांवर आता सगळे राउंड हाताच्या पंजाएवढ्या जागेत येतात, सात यार्डांवर बरेचसे, पंधरावर अजून रामभरोसे. टेक्सासच्या लायसन्स परीक्षेत तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून मिळून ५० राउंड असतात, २५० पैकी १७५ ला पास, तो कोर्स मी मुद्दाम स्नबीने मारून बघतो. पंधरा यार्डांवरचे दहा राउंड अहंकार उतरवायला उत्तम.

रिलोड हा स्नबीचा खरा दुबळा भाग. रिकाम्या केस बाहेर ढकलणारा इजेक्टर रॉड इतका आखूड असतो की रिकामी केस पूर्ण बाहेर येत नाही, नळी आकाशाकडे करून तळहाताने जोरात ठोकावं लागतं, हळू ढकललं की एखादी अर्ध्यात लटकते. स्पीडलोडर (सगळ्या गोळ्या एकदम भरायचा गोल डबा) पटकन भरतो पण खिशात गोळा दिसतो, म्हणून स्पीड स्ट्रिप ठेवतो, गोळ्या ओळीने धरणारी पट्टी, चपटी असते. वॉडकटर सपाट तोंडाचे, ते घाईत चेंबरमध्ये जात नाहीत, म्हणून बंदुकीत वॉडकटर आणि स्ट्रिपवर गोल तोंडाचे हा जुन्या लोकांचा तोडगा मला पटलाय. प्लस पी, म्हणजे जास्त दाबाच्या गोळ्या, चालतात या बंदुकीत, पण त्या मारताना मी दुसऱ्या गोळीपर्यंत साइट परत नेमावर आणू शकत नाही, तर उपयोग काय.

पॉकेट होल्स्टर शिवाय खिशात टाकायची नाही, ट्रिगर झाकलाच पाहिजे, आणि त्या खिशात दुसरं काहीही नाही, किल्ली नाही, चिल्लर नाही. कुर्त्याच्या खिशाचाही प्रयोग केला, सपशेल नापास, कापड लोंबतं. तसंही मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये असतो, तिथे आत न्यायचा प्रश्नच येत नाही, त्या दिवशी ती घरच्या सेफमध्ये.

आणि हो, डिसेंबरात पुण्याला जाणाऱ्यांनो, रेंजची बॅग प्रवासाला वापरू नका. एक विसरलेलं काडतूस जरी तळाशी सापडलं तरी मुंबई विमानतळावर आर्म्स अ‍ॅक्टची केस होऊ शकते, मग सुट्टी पोलीस स्टेशनात. माझ्या रेंज बॅगला लाल टेप लावलीय.

पुढचं काम डाव्या हाताने एकट्याने मारणं, सध्या त्याची हालत न सांगितलेली बरी. आणि .२२ चा एलसीआर घ्यायचा विचार पक्का होतोय, आठ गोळ्या, तोच आकार, गोळ्या स्वस्त. त्याचा ट्रिगर जरा जड आहे म्हणतात, भाड्याने मिळाला की आधी मारून बघतो.