कागद अपिलात नव्हते

जुन्या दिवाणी कोर्टाच्या दावा नोंदवहीत नोंद स्वच्छ होती: साल 1881, कर्जरोख्याची बाकी, वादी सावकार, प्रतिवादी कुणबी, दावा 74 रुपयांचा. लेखी परवानगी दाखवून रुमाल, म्हणजे कागदांचा कापडात बांधलेला गठ्ठा, सोडला, तर त्या क्रमांकाच्या जागी नुसती चिठोरी, 'कागद जिल्हा कोर्टाकडे रवाना'. असा शेरा दिसला की हात आपोआप अपिलांच्या रुमालांकडे जातो. आमची सकाळ त्यातच गेली, आणि ती जायला नको होती. 1879च्या डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्टखाली, म्हणजे दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीच्या कायद्याखाली, एवढ्या लहान दाव्याला अपीलच नव्हते. जिल्हा न्यायाधीश वाटल्यास कागद मागवून फेरतपासणी करत. फाइल त्या फेरतपासणीच्या बस्त्यात निघाली.

पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांतल्या अशा फाइलींचे मोल फार आहे. याच कायद्याच्या 12व्या कलमाने कोर्टाने देण्याघेण्याचा इतिहास मुळापासून तपासायचा, म्हणून आधीचे रोखेही दाखल होत. इथे मोडीतले तीन होते: शके 1793चा 25 रुपयांचा, 1796चा 43चा, 1799चा 74चा. व्याज दरमहा दरशेकडा दोन रुपये. पंचविसांवर तीन वर्षांत 18 होतात. ते मुद्दलात घालून नवा रोखा, पुढे पुन्हा तेच. तीनच वर्षे का? 1859च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याला तेवढीच मुदत ठेवली होती. मुदत टळू नये म्हणून सावकार रोखा फिरवून घेई आणि व्याजावर व्याज चढे. नुसत्या हुकूमनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या निकालाची, नक्कल घेतली असती तर यातले काहीच कळले नसते.

शकातल्या तारखा इंग्रजी सालात जपून बदलाव्यात. शेवटचा रोखा माघातला. 1799मध्ये सरसकट 78 मिळवले तर 1877 येते. खरे साल 1878, कारण शक चैत्रात बदलतो आणि इंग्रजी साल पौषाच्या सुमारास.

रोखे घडीवर फाटायला आले होते. तिथे शाईनेच कागद खाल्ला होता. असा कागद दाबून सपाट करायचा नाही. उघडेल तेवढा उघडून खिडकीच्या तिरप्या उजेडात फोटो घ्यायचा, आणि रुमाल, दावा, निशाणी, पान हे चारही क्रमांक तिथल्या तिथे पेन्सिलीने वहीत टिपायचे. नंतर आठवून लिहिले की निशाण्यांची अदलाबदल ठरलेली.

निशाणी हा शब्द इथे दोनदा येतो. कोर्टाने रोख्यावर घातलेला क्रमांक ही एक. दुसरी तळाशी, कुणब्याच्या नावापुढे: शाईने काढलेला बोटाच्या पेराएवढा नांगर. तिन्ही रोख्यांवर तो आहे. वहीत दोन्हींसाठी वेगळे रकाने आखले.