खाली यंत्रमाग, वर घर: विमा काढताना

बँकेने गृहकर्जासोबत माथी मारलेला 'लोन प्रोटेक्शन' हा घराचा विमा नव्हे. तो कर्जदाराच्या आयुष्याचा. भिंत कोसळली तर त्यातून छदाम मिळत नाही. इमारतीसाठी मी 'भारत गृह रक्षा' घेतली. १ एप्रिल २०२१ पासून आलेली ही पॉलिसी. मूळ मजकूर सगळ्या कंपन्यांचा एकच, त्यामुळे ताडून बघायचा तो हप्ता आणि जादा कव्हर.

फॉर्मवर इमारतीचा आकडा भरताना एजंटने खरेदीखतावरची किंमत टाकली. मी ती खोडायला लावली. त्यात जागेचा भाव असतो, आणि जमीन काही जळत नाही. हिशेब असा: चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) गुणिले आजचा बांधकाम दर. ६५० चौरस फूट आणि फुटाला १,८०० धरले तर ११ लाख ७० हजार. फॉर्म चौरस मीटर मागतो, म्हणून फुटांना १०.७६४ ने भागायचं आणि दरही मीटरचाच धरायचा. गच्चीवरची टाकी, सोलर, कंपाउंडची भिंत यांची रक्कम वरून मिळवायची. हे बहुतेक जण विसरतात.

घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के कव्हर आपोआप मिळतं, कमाल १० लाख. आमच्या हिशेबात २ लाख ३४ हजार. दागिने त्यात नाहीत, त्यांची यादी आणि किंमत वेगळी द्यावी लागते.

आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं मूळ पॉलिसीतच आहे. १९९३ च्या किल्लारीच्या धक्क्याने इथे सोलापुरात भांडी वाजली होती, त्यामुळे भूकंपाची ओळ मी दोनदा वाचली. नुसती घरफोडी मात्र नाही. आग-पुरासारख्या घटनेनंतर ७ दिवसांत झालेली चोरीच धरतात. एरवीसाठी वेगळं कव्हर लागतं. शॉर्टसर्किटने पंपाची मोटर जळाली तर ती मोटर आपल्या खिशातून, पण तिथून आग पसरून कपाट जळालं तर कपाटाचे पैसे मिळतात. वर्षानुवर्षं मुरलेली ओल कुठेच बसत नाही.

आता सोलापूरच्या पूर्व भागातलं खरं दुखणं. खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड. माग, सुताची बिमं (ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ), तयार चादरी हे 'घरातलं सामान' होत नाही. त्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आहे, एका ठिकाणी ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेला. गृह रक्षेत आकडा कमी पडला तरी भरपाईला त्या प्रमाणात कात्री लागत नाही, मिळते ती विमा रकमेपर्यंत. उद्यममध्ये मात्र १५ टक्क्यांपर्यंतचाच फरक सोडतात, त्यापुढे कात्री. म्हणून दिवाळीआधी मालाच्या गाठी साचतात तेव्हाचा साठा धरायचा, श्रावणातला नव्हे. आणि माग लपवून हप्ता वाचवला, तर क्लेमच्या वेळी नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरला तो दिसणारच.

पॉलिसी आली तेव्हा दोन्ही मजल्यांपुढे 'निवासी' छापलं होतं. ती लेखी अर्ज देऊन परत केली आणि मजल्यागणिक वापर लिहिलेलं एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाचा कागद, हातात आल्यावरच फाइल बंद केली.