वाफशाची वाट

लातूरकडच्या काळ्या मातीत हिवाळी भाजी लावायची तर पंचांग, मोबाइलवरचा पावसाचा अंदाज आणि बियाण्याच्या पुडीवर छापलेला महिना, तिन्ही जरा बाजूला ठेवावे लागतात. सप्टेंबरअखेर हस्त लागतो. कधी चार दिवस झोडपून काढतो, कधी नुसता गडगडून जातो. मग चित्रा, त्यामागून स्वाती. या तिघांच्या पायी खुरपं दसऱ्याला हातात येईल की दिवाळीला, हे कुणी सांगू शकत नाही. घरामागच्या चार वाफ्यांचं एवढं काय कौतुक, असं शेजारीपाजारी म्हणतात. पण माती शेतातली असो की परसातली, हट्ट तोच.

ही माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की चमचा, नाणं, लेकरांची गोटी, आत गेलं ते गेलंच. पावसाळ्यात तीच पायातली चप्पल ओढून घेते. या दोन टोकांच्या मधे वाफशाचे, म्हणजे ओल मशागतीला बेताची असते असे, मोजके दिवस मिळतात. ओलीत कुदळ घातली तर अशी ढेकळं निघतात की शिमग्यापर्यंत फुटत नाहीत. माझ्या सासऱ्यांची औशाकडे जमीन आहे. मी परसात उतरायच्या गडबडीत आहे हे त्यांना फोनवरूनच कळतं. ‘‘पायाला चिकटायली का बघ. चिकटायली असंल तर माघारी ये बाई, कुठं पळून चाललीय का माती?’’

त्यांची परीक्षा सोपी आहे. वीतभर खालची माती मूठभर घ्यायची, लाडू वळतो तशी दाबायची आणि कमरेच्या उंचीवरून सोडायची. गोळा तसाच पडून राहिला तर अजून थांबा. पडल्यावर मोकळा झाला तर वाफसा आला, चहा नंतर प्या. आणि मुठीत गोळाच होत नसेल तर वेळ गेली. आता पाणी सोडून पुन्हा वाट बघायची. लोक माती वरून बघतात आणि फसतात. वर पांढुरकी खपली धरलेली असते आणि चार बोटं खाली नुसता लगदा.

खत मात्र मी आधीच आणून ठेवते. गावोगाव ट्रॅक्टर आले, बैल गेले, आणि शेणखताला ट्रॉलीचा भाव आला. विकत घ्यायचंच तर नाकाने घ्यावं. कुजून मुरलेल्या शेणखताला शेणाचा वास राहत नाही, ओल्या मातीचा येतो, आणि ते हातात भुसभुशीत लागतं. कच्चं असलं तर हुमणीच्या अळ्या आणि तणाचं बी फुकट. भारी माती हलकी करायला वाळू मिसळा, असा सल्ला देणारे दर वर्षी भेटतात. त्यांचं ऐकू नये. काळ्या मातीत पाटी-दोन पाटी वाळू पडली तर ती मोकळी व्हायची सोडून आणखी आवळते. तिला मोकळं करतं ते खत, पालापाचोळा, आणि ऑक्टोबरात राशी झाल्यावर हवं तेवढं मिळणारं सोयाबीनचं भुसकट.

वांगी, टोमॅटो, फुलकोबीची रोपं तेवढी उंच गादीवाफ्यावर टाकायची, म्हणजे परतीचा पाऊस आलाच तर मुळांशी पाणी तुंबत नाही. पालेभाजीला मी सपाट वाफा करते. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते हे गाव. इथे पाणी वाफ्याच्या बाहेर वाहू देणं जिवावर येतं. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी विसळलेलं पाणी, सगळं बादलीतून मेथीला. गाजर-मुळ्याला वरंबाच हवा. सपाट घट्ट जागी गाजराला खाली जाता येत नाही आणि त्याला दोन-दोन पाय फुटतात.

कोथिंबिरीचं बी पेरायची गंमत वेगळीच. धना दिसतो एक, आत बिया दोन. तो फरशीवर पसरून चपलेने हलकेच रगडायचा; दोन फाका झाल्या पाहिजेत, पीठ नाही. मग रात्रभर भिजवून पेरायचा. तरी तो आठ-दहा दिवस तोंड दाखवत नाही. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी मान वर काढते, म्हणून घाईच्या माणसाने आधी मेथी पेरावी. लसणाची पाकळी टोक वर करून चार बोटांच्या अंतराने टोचली की तिच्याकडे बरेच दिवस बघावं लागत नाही. चिमण्या-साळुंक्यांकडे मात्र बघावं लागतं. वाफ्यावर तुराट्या आडव्या टाकल्या तर थोडं बी आपल्या वाट्याला येतं.

पानांवरच्या मावा किडीसाठी चुलीतली राख पहाटेच्या दवावर भुरभुरते. फारच वाढला तर निंबोळीचा अर्क. पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, गाळून पाणी लिटरभर करायचं, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा. वास घरभर होतो, त्याला इलाज नाही.

तारीख मी एकाच दिवसासाठी पाळते, येळवशीसाठी. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला सगळं लातूर शेतात असतं. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, त्यात पांडवांची पूजा, मडक्यातलं आंबील, आणि भज्जी, म्हणजे ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची मिसळ भाजी. त्या दिवसापासून महिनाभर उलटं मोजून मेथीचा एक वाफा पेरायचा, म्हणजे ऐन वेळी कोवळी जुडी हाताशी येते. ओल्या तुरीचे दाणे, हरभरा आणि वाल सासरे देतात. मेथी आणि कांद्याची पात माझी. भज्जीला आंबटपणा चिंचेचा की चुक्याचा, यावरून आमच्या घरात दोन तट आहेत. सासूबाई चिंचेच्या, मी चुक्याची. म्हणून कोपऱ्यातला एक वाफा कायम चुक्याचा असतो, आणि त्यांनी विचारलं की मी सांगते, बी उरलं होतं.