रॉयल्टीचा हिशेब: माझा अनुभव

प्रकाशकांनी पाठवलेला करार दीड पानाचा होता आणि त्यात पैशांबद्दल एकच ओळ होती: ‘विक्रीवर दहा टक्के रॉयल्टी.’ माझं पुस्तक सातारा जिल्ह्यातल्या जुन्या विहिरींवरचं. त्यासाठी गावोगाव फिरण्याचा, फोटोंचा सगळा खर्च मीच केला होता, त्यामुळे ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. विक्रीवर म्हणजे नक्की कशावर? छापील किमतीवर, की विक्रेत्याचं कमिशन वजा जाऊन प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर?

किंमत ३५० रुपये ठरत होती. छापील किमतीवर दहा टक्के म्हणजे प्रतीमागे ३५ रुपये. विक्रेत्याला ४० टक्के सूट गेली तर प्रकाशकाकडे उरतात २१० आणि त्याचे दहा टक्के २१. एका प्रतीमागे चौदा रुपयांचा फरक, हजाराच्या आवृत्तीत चौदा हजारांचा. फोन केला तर समोरून उत्तर आलं, “ताई, आमच्याकडे सगळ्यांचे करार असेच होतात.” मी म्हटलं, “सर, मग ‘छापील किमतीवर’ एवढे दोन शब्द घाला, म्हणजे झालं.” घातले. फार वाद झालाच नाही. न विचारता मात्र ते कुणी घातले नसते.

दुसरी ओळ जास्त अवघड होती: ‘सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील.’ मी त्यांची नोकर नाही, स्वतंत्रपणे लिहिते, तेव्हा १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखनाची पहिली मालक मीच. हक्क द्यायचे तर कलम १९ प्रमाणे ते लेखी हवेत. कोणते हक्क, किती काळासाठी, कुठल्या प्रदेशापुरते आणि किती मोबदल्यात, हे त्यात यायला हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. मी मराठी छापील पुस्तक आणि ई-बुक एवढेच हक्क दिले, तेही पाच वर्षांसाठी. ऑडिओ आणि अनुवाद माझ्याकडे ठेवले. आगाऊ रक्कम मागितली, ती मिळाली नाही.

करारात वर्षाचा हिशेब ३१ मार्चपर्यंतचा आणि तो जूनअखेर द्यायचा, असं ठरलं होतं. जून गेला, जुलैही निम्मा गेला. फोनवर “बघतो, सांगतो” व्हायला लागलं, म्हणून मी मेलवरच लिहायला लागले. प्रत्येक मेलमध्ये कराराची तारीख आणि त्या कलमाचा क्रमांक टाकायचा, बाकी एक शब्द जास्त नाही. शेवटी हिशेब आला तो असा: विक्री ५४० प्रती, रॉयल्टी १८,९०० रुपये. बस, एवढंच.

छापल्या किती, गोदामात शिल्लक किती, याचा त्यात पत्ता नव्हता. ते विचारलं. लेखकाने हिशेब मागितला की आपल्याकडे थोडं अवघडल्यासारखं होतं, जणू साहित्यसेवेत पैशांचं बोलणं अपवित्र आहे. मला हे अजिबात पटत नाही. कागदवाला, मुद्रक, बाइंडर सगळे आपापलं बिल लावतात. मग लेखकानेच गप्प का बसायचं?

उत्तर आलं: छपाई १०००, लेखक-प्रती आणि अभिप्रायार्थ मिळून ६०, गोदामात १८०. वहीवर बेरीज मांडली. ६० आणि १८० आणि ५४०, झाले ७८०. मग उरलेल्या २२० कुठे? त्या वितरकाकडे परतीच्या बोलीवर गेल्या होत्या आणि परत येण्याची शक्यता असल्यामुळे विक्रीत धरल्या नव्हत्या. कारण खरं होतं, मला ते मान्यही झालं. मात्र विचारलं नसतं तर पुढच्या वर्षी या २२० प्रती कुणाच्या लक्षात राहिल्या असत्या, याची मला खात्री नाही. पुढच्या हिशेबात त्यातल्या १९० विकल्या गेल्या होत्या, ३० परत आल्या. माझे ६,६५० रुपये त्यातून आले.

पहिल्या वेळी खात्यात १८,९०० ऐवजी १७,०१० जमा झाले. दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापला होता. त्या वेळी वर्षाला ३० हजारांपर्यंतच्या रॉयल्टीवर तो कापणं सक्तीचं नव्हतं, पण मी त्यावर वाद घातला नाही. कापलेली रक्कम माझ्या पॅनवर फॉर्म २६ एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या नोंदींच्या उताऱ्यात, दिसतेय ना, एवढं तपासलं आणि रिटर्न भरून परतावा घेतला. जुनी करप्रणाली निवडणाऱ्या लेखकांना तेव्हा आयकर कायद्याच्या कलम ८० क्यूक्यूबी खाली पुस्तकांच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावटही होती. त्यासाठी प्रकाशकाकडून फॉर्म १० सीसीडी भरून घ्यावा लागायचा. मासिकांतल्या लेखांच्या मानधनाला, शालेय पाठ्यपुस्तकांना ती लागू नव्हती.

आता दुसऱ्या आवृत्तीचं बोलणं झालंय. दर बारा टक्के ठरला. करारात मी एक कलम वाढवून घेतलं: दर हिशेबात छापलेल्या, विकलेल्या, फुकट दिलेल्या, वितरकाकडे असलेल्या आणि गोदामातल्या प्रती वेगवेगळ्या दाखवायच्या. प्रकाशकांनी ते वाचलं, “चालेल,” म्हणाले आणि सही केली.