फसलो की गा

परवा गावाकडं गेलो तर आई परातीत तांदूळ पसरून बसलेली, तोंड एवढंसं करून. काय झालं विचारलं तर म्हणाली, "फसलो की गा मी." (आमच्या बेळगावात बायका पण आलो-गेलोच म्हणतात, पुण्याच्या मंडळींनी दचकू नये.)

झालेलं असं की एकजण दारात पोतं घेऊन आला, बेळगाव बासमती हाय, वडगावच्या शिवारातला, म्हणून. आईच्या तळहातावर चिमूटभर तांदूळ ठेवला, चोळून हुंगायला लावला, घमघमाट! दहा किलो घेतला तिनं. दुसऱ्या दिवशी भात शिजला तर वासाचा पत्ता नाही. वरच्या दोन मुठी तेवढ्या खऱ्या, खाली भलताच कुठलातरी बारीक तांदूळ.

तेवढ्यात शेजारच्या अक्का आल्या, माहेर बैलहोंगल, घरात कन्नड. परातीकडं बघून म्हणाल्या, "किवी म्याल हूव इट्टान." म्हणजे कानावर फूल ठेवून गेला की तुझ्या. देवळातनं आल्यावर माणसं प्रसादाचं फूल कानावर खोचतात बघा, तसं भोळं समजून ठेवलेलं फूल. २०२३ च्या फेब्रुवारीत कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बोम्मईंनी बजेट मांडलं तेव्हा विरोधी बाकावरचे सिद्धरामय्या आणि काँग्रेसचे आमदार विधानसभेत खरोखर कानावर फुलं लावून बसलेले, फोटो सगळीकडं फिरलेला. कन्नड येणाऱ्याला एक अक्षर समजावून सांगावं लागलं नाही, आणि ज्याला येत नाही त्याला वाटलं असेल काहीतरी लग्नबिग्न आहे.

मग माझ्या डोक्यात तेच सुरू झालं. आपण टोपी घालतो, कन्नडवाले पण टोपी 'हाकतात', म्हणजे घालतातच, तिथं सीमाप्रश्न नाही. आपण शेंडी लावतो, ते कपाळावर पंगनाम, म्हणजे उभं गंध, ओढतात. आपण तोंडाला पानं पुसतो, म्हणजे जेवायला घालायचं नाही, नुसतं पान तोंडाला पुसायचं आणि जेवला म्हणून उठवायचं. सगळं मानेच्या वरच. फसवणूक आहे का सत्कार तेच कळत नाही, फक्त नारळ आणि शाल द्यायची राहिली.

अक्कांना देवनागरी वाचता येतं, मराठी अर्धंमुर्धं. आमच्या पेपरात "व्यापाऱ्याला पाच लाखांचा गंडा" असं आलं की त्या हसून लोळतात, कारण कन्नडमधे गंडा म्हणजे नवरा. पाच लाखांचा नवरा स्वस्तच म्हणायचा, असं त्यांचं मत. आपला गंडा म्हणजे मंतरलेला दोरा, गंडेदोरे म्हणतो त्यातला, मनगटाला बांधायचा, दक्षिणा घ्यायची आणि पुढच्या गावाला जायचं.

फसणं सरळ आहे, फास आणि फसणं एकाच घरातले. मला जास्त आवडला तो ठक. ठक, ठग हे संस्कृतातल्या 'स्थग'वरून आलेत, स्थग म्हणजे लबाड, आणि त्याचा धातू आहे झाकणे, लपवणे असा. स्थगित, स्थगिती पण त्याच धातूची. बेळगावच्या हलगा-मच्छे बायपास रस्त्याच्या बातम्यांत आम्ही कोर्टाची स्थगिती, स्थगिती वाचून कंटाळलो, खरं ती ठगाची चुलतबहीण आहे हे कधी सुचलं नाही. ('खरं' म्हणजे आमच्यात 'पण'.) इंग्रजांनी ठग शब्द उचलला आणि त्यांच्याकडं तो नुसता गुंड होऊन बसला, झाकणं गेलं, दांडगाई राहिली. आमच्या तांदूळवाल्याला कुणी इंग्रजीतला ठग म्हणणार नाही, इतका गोड बोलून गेला. खरं जुन्या अर्थानं अगदी चोख ठग, खोट्यावर खरं झाकणारा.

आणि चारसोबीस, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं फसवणुकीचं कलम ४२०. २०२४ च्या १ जुलैपासून भारतीय न्याय संहिता आली, फसवणूक गेली कलम ३१८ मधे. अजून तरी मी कुणाला "तो एक नंबरचा तीनशे अठरा आहे" म्हणताना ऐकलेलं नाही.

एवढं सगळं मी आईला उत्साहात सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, परात आपटली, म्हणाली, "ते सगळं बरोबर हाय, खरं या दहा किलोचं काय करायचं ते सांग." मग अक्कांनीच मार्ग काढला, निम्मा इडलीला भिजवायचा, निम्मा दळून भाकरीला. वरच्या दोन मुठी आईनं वेगळ्या डब्यात ठेवल्यात, सणाला खिरीत घालणार म्हणे.